न्यूपोर्टचं जहाज: पायाच्या खड्ड्यात सापडलेलं पंधराव्या शतकातलं जहाज आणि त्याच्या लाकडांवरची वीस वर्षं

जून २००२ मध्ये वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरात, अस्क नदीच्या पश्चिम काठावर, रिव्हरफ्रंट या नव्या कलाकेंद्राचं काम चालू होतं. रंगमंचासमोर वादकांना बसायला जी खोलगट जागा लागते तिच्यासाठी खणताना निळसर करड्या गाळात ओकच्या फळ्या लागल्या. ग्लॅमॉर्गन-ग्वेंट आर्किऑलॉजिकल ट्रस्टची माणसं देखरेखीला कामावर होतीच. फळ्या एकीवर एक चढवलेल्या होत्या आणि त्यांचा बाक एकसारखा पुढे सरकत होता. थोडी माती उकरल्यावर हे धक्क्याचं लाकूडकाम नसून जहाजाची उभी बाजू आहे, हे स्पष्ट झालं. जहाज पंधराव्या शतकातलं, मूळची लांबी सुमारे तीस मीटर, उजव्या कुशीवर कललेलं.

या प्रकरणात शोधाचा भाग काही दिवसांचा आहे, लाकडांचा भाग वीस वर्षांचा. त्या वीस वर्षांत जे काही करावं लागलं, त्यातलं बरंचसं खड्ड्यातल्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ठरून गेलं होतं. म्हणून त्या महिन्यांकडे बारकाईने बघायला हवं.

आधी का कळलं नाही

अस्क नदी सेव्हर्नच्या मुखाजवळ मिळते. भरती-ओहोटीतला फरक जगात सर्वांत मोठा असलेल्या ठिकाणांत या मुखाची गणना होते. मोठ्या उधाणाला पाणी चौदा मीटरच्या आसपास चढ-उतार करतं. अशा काठावर खोल खणायचं तर आधी पोलादी शीट पाइल, म्हणजे एकमेकांत अडकणारे उभे पत्रे, ठोकून कॉफरडॅम, म्हणजे पाणी अडवणारं तात्पुरतं कुंपण, करावा लागतो. आतलं पाणी उपसायचं आणि मग माती काढायची. इथेही तेच झालं. शिवाय इमारतीचा भार घेणारे काँक्रीटचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांबही, खोल खणाईच्या आधीच जमिनीत गेले होते.

परिणाम असा की जहाज दिसलं तेव्हा त्याच्या पोटातून काँक्रीटचे पाइल आरपार गेलेले होते आणि नाळेकडचं व पिछाडीकडचं अशी दोन्ही टोकं शीट पाइलच्या रेषेने तोडली गेली होती. पाइलच्या धक्क्याने आसपासची लाकडंही चेचली. ही हानी कुणाच्या बेपर्वाईने झाली असं म्हणता येत नाही. ती कामाच्या क्रमातच होती. कॉफरडॅमशिवाय तिथे खोल चाचणी-खड्डा घेणं धोक्याचं होतं. जमिनीवरून घ्यायच्या चाचण्यांवर भिस्त ठेवता आली नसती, कारण खाऱ्या, ओल्या चिकणमातीत भूवेधी रडारचे तरंग थोड्याच खोलीत विरतात आणि शहरी भरावातल्या लोखंडामुळे चुंबकीय मोजणी गोंधळते. उरतो एक मार्ग: पाइलची जागा पक्की करण्याआधी दाट अंतरावर बोअर घ्यायचे आणि प्रत्येक नळीतला गाळ भूपुरातत्त्वज्ञाने तपासायचा. पाच-सात मीटर अंतरावरच्या दोन-तीन नळ्यांत एकाच पातळीवर ओक, डांबर किंवा गंजाचा थर आला, तर तिथे पाइल ठोकण्याआधी थांबायला सबळ कारण मिळतं. जुन्या बंदराच्या काठी, वाड्या-किल्ल्यांच्या शेजारी बांधकाम असेल तर हा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरलेला असावा. नंतरच्या खोळंब्याच्या मानाने तो किरकोळ असतो.

लाकूड टिकलं त्याचं श्रेय मात्र याच गाळाला. प्राणवायू नसलेल्या चिकणमातीत बुरशी आणि लाकूड खाणारे किडे जगत नाहीत. अशा मातीत फक्त संथ काम करणारे जिवाणू पेशींच्या भिंतीतलं सेल्युलोज खातात. लाकडाला ताठपणा देणाऱ्या लिग्निनचा सांगाडा उरतो आणि पोकळी पाण्याने भरून निघते. पाचशे वर्षांनी लाकूड बाहेरून ताजं दिसतं, हातातही जड लागतं, पण ते उभं असतं पाण्याच्या आधारावर.

बांधणी कशी होती

पुढचा निर्णय समजायला बांधणी समजणं आवश्यक आहे. कोकणात आपण पाहतो त्या गलबतात फळीची कड फळीच्या कडेला भिडते. न्यूपोर्टचं जहाज क्लिंकर पद्धतीचं होतं: वरची फळी खालच्या फळीवर थोडी चढवायची, दोन्हींतून लोखंडी खिळा आरपार घालायचा आणि आतल्या बाजूला लोखंडी चकतीवर त्याचं टोक वळवायचं. चढलेल्या पट्टीत जनावरांचे केस डांबरात भिजवून भरलेले. आधी फळ्यांचं कवच उभं राहायचं आणि मग त्यात बरगड्या बसवायच्या. फळ्यांच्या पायऱ्यांवर बरगडी नीट टेकावी म्हणून तिच्या पाठीला तेवढ्याच पायऱ्या तासलेल्या असायच्या. बरगडी आणि फळी यांना जोडणाऱ्या खुंट्या लाकडी. कणा बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा, बाकी जवळपास सगळं ओक.

फळ्या करवतीने कापलेल्या नव्हत्या. ओकचा ओंडका मध्यापासून बाहेरच्या दिशेने पाचरीने फाडून आणि मग कुऱ्हाडीने तासून त्या काढल्या होत्या. ताजं ओक सुकताना वलयांच्या दिशेने आठ ते दहा टक्के आकसतं, मध्यापासून बाहेरच्या दिशेने त्याच्या साधारण निम्मं आणि लांबीत नगण्य. फाडलेल्या फळीची रुंदी नेमकी कमी आकसणाऱ्या दिशेत येते. जहाज बांधणाऱ्याला ते पाणी धरण्यासाठी हवं होतं. पाचशे वर्षांनी संवर्धकांनाही त्याचा फायदा मिळाला.

पण इतकी वर्षं ओल्या गाळात राहिल्यावर लोखंडी खिळे गंजून गेले होते. बऱ्याच ठिकाणी फक्त भोक आणि भोवती काळा डाग उरला होता. म्हणजे हे कवच कशानेही जोडलेलं नव्हतं. गाळाने त्याला जागेवर धरून ठेवलं होतं.

चार वाटा

पहिली वाट: मोजमाप घेऊन जहाज पुन्हा पुरायचं. इमारत तिथेच होणार होती, पाइल आधीच आत होते, आणि भूजलाची पातळी बदलली तर लाकूड हळूहळू कुजलं असतं. दुसरी: नोंद करून लाकडं सोडून द्यायची. सुरुवातीला काम याच दिशेने जाताना दिसत होतं, कारण नगरपालिकेच्या प्रकल्पात जहाजासाठी पैसाही नव्हता, वेळही नव्हता. तिसरी: अखंड उचलायचं. १९८२ साली मेरी रोझ ही सोळाव्या शतकातली इंग्रज युद्धनौका पोर्ट्समथजवळ समुद्रातून एका चौकटीवर उचलली गेली, त्यामुळे हा विचार लोकांच्या मनात येणं स्वाभाविक होतं. पण इथे खिळे नव्हते, काँक्रीटचे पाइल जहाजाला आरपार भोसकून होते, आणि भोवती पोलादी पत्र्याची भिंत होती. अखंड उचलण्याचा प्रयत्न केला असता तर कवच स्वतःच्या वजनाने फाटलं असतं.

चौथी वाट, एकेक लाकूड सुटं करण्याची, हीच खरी उरली. आमच्या मते जागेचा अडथळा नसता तरी क्लिंकर जहाजासाठी हीच वाट योग्य होती. अखंड जहाजावर औषधाचा फवारा मारावा लागतो. सांध्यात, चढलेल्या पट्टीत, खिळ्याच्या भोकात तो पुरेसा पोचत नाही. व्हासा हे स्वीडिश जहाज १९६१ मध्ये वर काढून सतरा वर्षं फवारलं गेलं, आणि २००० च्या सुमारास त्याच्या लाकडात गंधकाचं आम्ल तयार होत असल्याचं उघडकीला आलं. सुटं लाकूड हौदात पूर्ण बुडवता येतं, दोन्ही बाजूंनी धुता येतं, लोखंड काढता येतं. शिवाय जोडलेल्या जहाजात जे पृष्ठभाग कधीच दिसले नसते, तेही नोंदवता येतात.

या वाटेला पैसा मिळवून दिला तो शहरातल्या लोकांनी. 'सेव्ह अवर शिप' ही मोहीम उभी राहिली, लोक जागेवर पहारा देत थांबले, आणि २३ ऑगस्ट २००२ रोजी वेल्स सरकारने ३५ लाख पौंड जाहीर केले. न्यूपोर्टकरांचं हे ऋण मोठं आहे. त्यांच्याशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्या आकड्यात एक गोष्ट सुटली होती. तो निधी वाचवण्याचा होता, कायमच्या प्रदर्शनाचा नव्हता. कलाकेंद्राच्या तळघरात जहाज मांडायचा विचार झाला, पण तो प्रत्यक्षात आला नाही.

सुटं करताना

क्रम बांधणीच्या उलट. आधी आतल्या अस्तराच्या फळ्या, मग लांबीला धावणाऱ्या पट्ट्या, मग कण्यावरचं मोठं लाकूड ज्यात डोलकाठीचा बुंधा बसतो, मग बरगड्या. बरगडी सुटताना लाकडी खुंटी आडवी येते. ती उपटायची नाही. बरगडी आणि फळी यांच्यामधल्या फटीत पातळ पात्याची करवत घालून कापायची. उपटली की भोकाची कड फुटते, आणि पुढे जहाज जोडताना भोकांची जुळणी हाच एकमेव आधार असतो. सगळ्यांत शेवटी फळ्या, वरून खाली, आणि मग कणा.

काही नियम न चुकता पाळावे लागतात. उघडं पडलेलं लाकूड तासभरही कोरडं राहू द्यायचं नाही: पाण्याचे फवारे, वर ओला फोम, त्यावर प्लास्टिक. खांदणी लोखंडी फावड्याने नाही, लाकडी किंवा प्लास्टिकच्या पात्याने आणि पाण्याच्या बारीक धारेने. उभं राहायचं ते आडव्या फळकुटांवर, जहाजावर नाही. उचलताना लाकडाखाली आख्ख्या लांबीची पाटी सरकवायची. दोन टोकांना पट्टे लावून उचललेली लांब फळी मधोमध मोडते. खूणचिठ्ठी पाण्यात न विरघळणाऱ्या प्लास्टिकची, गंज न चढणाऱ्या टाचणीने लावलेली, आणि तोच क्रमांक नकाशावर व छायाचित्रात. हजारो नगांच्या कामात चिठ्ठी निसटलेलं लाकूड पुन्हा जागेवर बसवायला दिवस जातात.

गाळही चाळला गेला. त्यात दगडी तोफगोळे, चामडी पादत्राणं, पोर्तुगीज नाणी आणि पोर्तुगालकडची मातीची भांडी मिळाली. जहाजाखाली मानवी हाडंही सापडली आणि अफवांना ऊत आला. पण कार्बन-कालमापनात ती इसवी सनापूर्वीची, लोहयुगातली ठरली. जहाजाशी त्यांचा संबंध नव्हता.

हौद, नोंद, लोखंड

जवळपास दोन हजार लाकडं गोड्या पाण्याच्या हौदांत गेली. पाणी अधूनमधून बदलायचं, क्षार उतरतात की नाही ते मोजायचं, शेवाळ आणि जिवाणू वाढू द्यायचे नाहीत. प्रत्येक लाकूड मऊ कुंचल्याने आणि हलक्या धारेने स्वच्छ केलं गेलं. ही साफसफाई घाईने करायची नसते. कण्याला नाळेच्या खांबाशी जोडणाऱ्या सांध्यात, मुद्दाम कोरलेल्या छोट्या खाचेत ठेवलेलं एक चांदीचं नाणं सापडलं ते साफसफाईतच, खड्ड्यात नाही. ते पेटी ब्लाँक नाणं फ्रान्सच्या दोफिने प्रांतातल्या क्रेमियू टांकसाळीत मे ते जुलै १४४७ या काळात पडलेलं. शुभशकुन म्हणून जहाज बांधताना नाणं ठेवायची ही रीत. खड्ड्यातच घाईने सगळं 'नोंदवून' सोडून दिलं असतं तर हे नाणं कायमचं गेलं असतं.

नोंदीची पद्धत या प्रकरणात खरी नवी होती. तोवर जहाजाच्या लाकडावर पारदर्शक पटल पसरून पूर्ण आकाराचं रेखाटन करायची रीत होती. ते सपाट लाकडाला ठीक, पण पीळ असलेल्या फळीला नाही: पटल वाकतं, माप चुकतं. न्यूपोर्टला सांध्यांचा हात असलेलं फॅरोआर्म हे यंत्र वापरलं. त्याचं टोक लाकडावरून फिरवलं की बिंदू थेट त्रिमितीत संगणकात जातात. कड, खिळ्याचं भोक, खुंटी, कुऱ्हाडीची खूण, लाकडाची गाठ, डांबराचा पट्टा, दुरुस्तीचा तुकडा या सगळ्यांचे थर वेगळे. काम एकसारखं राहण्यासाठी काय कोणत्या थरात आणि कोणत्या रंगात जाईल याचं लेखी मानक आधी बसवावं लागतं; ते नसेल तर दहा जणांच्या हातचे नग एकमेकांशी जुळत नाहीत. ओल्या अवस्थेतली ही नोंदच मूळ आकार मानायची, कारण पुढे लाकूड थोडं का होईना, आकसणारच.

मग लोखंड. गंजलेल्या खिळ्यांचं लोखंड आणि गाळातलं गंधक लाकडात एकत्र मुरलेलं असतं. हवा लागली की त्यांतून आम्ल बनतं आणि ते लाकूड आतून खातं. व्हासाचा धडा हाच होता. म्हणून लाकडं अमोनियम सायट्रेटच्या सौम्य द्रावणात ठेवली गेली. सायट्रेट लोखंडाला धरून विरघळवतं. द्रावण पिवळट-तपकिरी होत जातं, ते बदलायचं, आणि नव्या द्रावणाचा रंग फारसा चढेनासा झाला की गोड्या पाण्यात पुन्हा धुवायचं. सगळं लोखंड निघत नाही. खोल मुरलेला अंश राहतोच, म्हणूनच पुढची साठवण कोरडी आणि स्थिर असणं अपरिहार्य होतं.

पीईजी आणि गोठवून सुकवणं

ओलं लाकूड उघड्यावर सुकवलं तर काय होतं? पेशीतून पाणी जाताना त्याचा पृष्ठताण पोखरलेल्या भिंतींना आत ओढतो आणि त्या कोसळतात. फळी आकसते, पीळ घेते, आडव्या भेगा पडतात. हे एकदा झालं की उलटवता येत नाही. म्हणून पाण्याची जागा घेणारं काहीतरी आधी आत घालावं लागतं. ते म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल, कामावरच्या भाषेत पीईजी.

पीईजीचे रेणू लहान-मोठे मिळतात, आणि चुका होतात त्या इथेच. ओकच्या फळीचा बाहेरचा थर पोखरलेला असतो, गाभा मात्र बऱ्यापैकी शाबूत. मोठ्या रेणूचं पीईजी गाभ्यात शिरत नाही. लहान रेणूचं सगळीकडे जातं, पण ते खोलीच्या तापमानाला द्रव असतं, हवेतली ओल ओढतं आणि पोखरलेल्या थराला आधार देत नाही. म्हणून दोन टप्पे: आधी पीईजी २०० गाभ्यासाठी, मग पीईजी ३३५० बाहेरच्या थरासाठी. दोन टप्प्यांची ही पद्धत जर्मनीतल्या ब्रेमन कॉगवर आधी वापरली गेली होती. १९६२ मध्ये वेझर नदीत गाळ उपसताना सापडलेलं ते जहाज मात्र आधी जोडून मग एका प्रचंड हौदात बुडवलं गेलं आणि प्रक्रिया १९९९ पर्यंत चालली. न्यूपोर्टला लाकडं सुटी असल्यामुळे जाडीप्रमाणे गट करून वेगवेगळ्या हौदांत वेगवेगळा काळ देता आला. पीईजीची तीव्रता पायरीपायरीने वाढवायची. एकदम घट्ट द्रावण दिलं तर पीईजी आत जाण्याच्या आत लाकडातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि हौदातच लाकूड आकसतं.

शेवटचा टप्पा गोठवून सुकवणं. लाकूड उणे पंचवीस-तीस अंशांपर्यंत गोठवायचं, निर्वात कोठीत ठेवायचं, आणि बर्फाची पाणी न होता थेट वाफ होऊ द्यायची. द्रवच नसल्यामुळे पृष्ठताण नाही, म्हणून पेशी कोसळत नाहीत. वाफ आणखी थंड नळ्यांवर जमते. लाकडाचं वजन घेत राहायचं; वजन स्थिरावलं की सुकलं. जाड बरगड्यांना महिने लागतात. कोठी लवकर उघडली तर गाभ्यातला उरलेला बर्फ वितळतो आणि सगळी मेहनत वाया जाते. हे काम पोर्ट्समथला मेरी रोझ ट्रस्टकडे आणि यॉर्कला झालं. यॉर्कहून शेवटची लाकडं २०२३ पर्यंत परत आली.

काळ आणि ठिकाण

लाकडाच्या वाढवलयांनी जहाजाचं मूळ दाखवलं. आधी ब्रिटनमधल्या ओकच्या वलयांशी ती जुळत नव्हती. बास्क प्रदेशातली संदर्भमालिका तयार झाल्यावर जुळली. म्हणजे फळ्या उत्तर स्पेनच्या बाजूच्या आणि बांधणी १४५० च्या सुमाराची वा त्यानंतर लवकरची. कण्यातलं १४४७ चं नाणं याच्याशी बरोबर बसतं. जहाजाखाली दिलेले टेकू मात्र वेल्समधल्या लाकडाचे, १४६० च्या दशकाच्या अखेरचे. दुरुस्तीसाठी जहाज नदीच्या फाट्यात आणलं, टेकू खचले, ते उजवीकडे कोसळलं आणि भरतीचं पाणी आत शिरलं. मग वापरण्यासारखं लाकूड काढून घेऊन उरलेलं सोडून दिलं, असा अर्थ लागतो. नोव्हेंबर १४६९ मध्ये अर्ल ऑफ वॉरिक या बड्या इंग्रज सरदाराच्या एका पत्रात न्यूपोर्टच्या जहाजाच्या कामाचे पैसे देण्याचा उल्लेख आहे. ते हेच जहाज असण्याची शक्यता चांगली आहे, तरी नाव घेऊन सांगणारा पुरावा नाही.

जोडणी

डिजिटल नोंदींवरून प्रत्येक लाकडाची एक दशांश आकाराची प्रतिकृती नायलॉनच्या भुकटीतून लेझरने तयार केली आणि खिळ्यांच्या भोकांतून बारीक स्क्रू घालून जोडली. या पद्धतीचं बळ असं की आकार कुणी आधी ठरवलेला नसतो. क्लिंकर फळ्यांची भोकं एकाच स्थितीत जुळतात, त्यामुळे कवच आपला बाक आपणच घेतं. पाइलने चेचलेली आणि गायब झालेली जागा दुसऱ्या बाजूच्या आरशातल्या आकाराने भरता आली.

खऱ्या लाकडांची जोडणी अजून व्हायची आहे. सुकलेलं लाकूड स्वतःचा भार पेलू शकत नाही, म्हणून जहाज फळ्यांवर उभं न राहता बाहेरच्या पोलादी पाळण्यावर राहील आणि प्रत्येक फळीला खालून स्वतंत्र टेकू लागेल. ओल्या मापाचं प्रारूप आणि सुकलेल्या फळीचं माप यांत काही मिलिमीटरचा फरक पडतो. कण्यापासून वरच्या फळीपर्यंत तो साठत जातो. त्यामुळे टेकू स्क्रूने वर-खाली करता येण्याजोगे हवेत आणि जोडणी कण्यापासून वर, दोन्ही बाजूंनी बरोबरीने न्यायला हवी. जुन्या भोकांत लोखंड पुन्हा घालायचं नाही. प्लास्टिक किंवा गंज न चढणारा धातू वापरायचा. इमारतीत आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपास आणि तापमान स्थिर ठेवावं लागेल, पहिलं लाकूड आत येण्याच्या आधीपासून. तीस मीटरच्या कवचाभोवती माणसांना फिरायला आणि पाळणा हलवायला वाव धरला, तर चाळीस मीटरहून लांब, खांबविरहित दालन लागतं. शहराच्या मध्यात अशी जागा शोधणं हे काम आता उरलं आहे.